सेन्सर बदलूनही ऑइल प्रेशरचा लाल दिवा परत पेटतो: पोकलेन, बॅकहो, रोलरच्या इंजिनात दोष कसा शोधायचा

कुडाळजवळच्या एका चिरेखाणीवर वीस टनी पोकलेन आहे. वरची माती-मुरूम खरवडून जांभ्याचा थर मोकळा करायचा, हे तिचं रोजचं काम. एप्रिलमध्ये तिच्या ऑपरेटरचा फोन आला, "मेस्त्रीनू, दिवो परत पेटलो. सेन्सर घेवनच येवा."

म्हणजे तिसरा सेन्सर. पहिला फेब्रुवारीत बदलला होता, दुसरा मार्चमध्ये, आणि दोन्ही वेळा सोबत तेल-फिल्टरही बदललं होतं. दोन्ही वेळा दिवा गेला. साठ-सत्तर तास मशीन बिनतक्रार चाललं आणि मग एका दुपारी जेवायच्या सुट्टीला बकेट टेकवून इंजिन स्लोवर आणलं, तसा दिवा लुकलुकायला लागला. रेस दिली की विझायचा. सकाळी कधीच पेटायचा नाही. बाजारात सेन्सरच बोगस येतायत, असं मालकाचं ठाम मत झालं होतं.

मी फोनवर एकच विचारलं, पट्टीवर (डिपस्टिकवर) तेल किती दिसतंय? "तेल कमी नाय, जास्तच आसा. मशीन तेल खायतच नाय."

हे ऐकल्यावर मी सेन्सर घेतला नाही. प्रेशर गेज पिशवीत टाकलं आणि निघालो. त्या उत्तरात काय होतं ते पुढे येईलच. कणकवलीपासून लांज्यापर्यंत अशा तक्रारी मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी चूक तीच असते. दिवा विझवायचे उपाय होतात, प्रेशर कोणी मोजतच नाही. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय.

दिवा पेटला, पहिलं मिनिट

इंजिन बंद करा. लगेच. एरवी आपण ऑपरेटरला शिकवतो की टर्बो असलेलं इंजिन बंद करण्याआधी तीन-चार मिनिटं स्लोवर ठेव. ऑइल प्रेशरचा दिवा पेटलेला असताना हा नियम लागू नाही. प्रेशर खरंच गेलेलं असेल तर त्या तीन मिनिटांत टर्बो, बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग), क्रँक सगळंच जाईल. भाडं तासावर असतं, ट्रक रांगेत उभे असतात, मुकादम ओरडत असतो, हे सगळं मला माहीत आहे. "एवढा ट्रक भरतो आणि बंद करतो" म्हणून चालवलेल्या मशीनची क्रँक मी हातात घेतली आहे. निळी पडलेली, आणि बेअरिंगचे तुकडे तिला चिकटून बसलेले. तो ट्रक मालकाला लाखांच्या घरात पडला.

बंद केल्यावर मशीन सपाट जागेवर आहे का ते बघा. खाणीत आणि घाटातल्या कटिंगवर मशीन बहुधा उतरावर असतं, आणि उतरावर पट्टी खोटं बोलते. दहा-पंधरा मिनिटं थांबा, तेल खाली उतरू द्या, मग पट्टी पुसून दोनदा बघा. तेल कमी असेल तर भरा आणि गेलं कुठे ते शोधा. उतरावर बघून कमी आहे समजून वरून दोन-तीन लिटर ओतणारेही पुष्कळ भेटतात. मग क्रँक तेलात आपटते, तेलाला फेस येतो, पंप हवामिश्रित तेल ओढतो आणि प्रेशर पडतं. तेल जास्त झाल्यानेही दिवा पेटतो, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

प्रेशर म्हणजे नक्की काय

पंप प्रेशर देत नाही, पंप तेल ढकलतो. ते तेल कूलर आणि फिल्टरमधून मेन गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत) येतं आणि तिथून मेन बेअरिंग, बिगएंड, कॅमशाफ्ट, रॉकर, टर्बो असं वाटलं जातं. या सगळ्या ठिकाणच्या बारीक फटींतून तेलाला निसटायला जो अडथळा होतो, त्यातून प्रेशर तयार होतं. म्हणजे प्रेशर पडण्याची वाट तीनच बाजूंनी असते. पंपाकडे तेल पुरेसं येत नाही किंवा पंप पुरेसं ढकलत नाही. तेल मधल्या मधे कुठेतरी पळतंय. नाहीतर तेलच इतकं पातळ झालंय की फटींतून न अडकता निघून जातंय. बेअरिंगच्या फटीचं गणित तर फार कडक आहे. गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, फट दुप्पट झाली की तेल आठपट निसटतं.

पातळपणाचंही तसंच. नेहमीचं १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांना साधारण ११० सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतं आणि १०० अंशांना १४-१५ वर येतं, जवळजवळ सातपट पातळ. म्हणून सकाळी थंड इंजिनवर दिसलेलं छान प्रेशर बघून मेस्त्रीने "ठीक आहे" म्हणून निघून जाऊ नये. दोष दुपारी दिसतो.

गेज लावून मोजणं

सेन्सरच्या आजूबाजूची जागा आधी डिझेल आणि ब्रशने धुऊन पुसून घ्या. आपल्याकडच्या मशीनवर तिथे लाल मातीचा एक थर असतोच आणि सेन्सर सोडवताना तो सरळ गॅलरीत पडतो. सेन्सर काढून त्याच्या जागी चांगला, तपासलेला ० ते १० बारचा गेज होजने जोडा. ॲडॅप्टर लावताना आटे बघून लावा. एक अष्टमांश इंची एनपीटी आणि बीएसपी हे दोन्ही आटे दिसायला जुळे भाऊ आहेत, पण इंचाला एकाचे २७ आणि दुसऱ्याचे २८ आटे असतात. दोन फेऱ्या सहज बसतात आणि पुढे पान्याने जोर दिला की ब्लॉकचे आटे गेले. होज पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा.

आता थंड इंजिन चालू करून दोन गोष्टी वहीत लिहा: प्रेशर चढायला किती सेकंद लागले, आणि स्लोवर किती दिसतंय. मग मशीन अर्धा तास खऱ्या कामाला लावा. नुसतं उभं ठेवून इंजिन गरम होतं, पण तेल पुरेसं गरम होत नाही. त्यानंतर गरम स्लो आणि गरम फुल रेस हे दोन आकडे घ्या.

योग्य आकडा कोणता, हे त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि तोच खरा. मॅन्युअल हाताशी नसेल तर ढोबळ अंदाज असा ठेवतात की गरम इंजिनवर दर १००० आरपीएमला निदान १० पीएसआय असावं. बार आणि पीएसआयचा गोंधळ होऊ देऊ नका, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. बहुतेक डिझेल इंजिनं गरम स्लोवर १ बारच्या आसपास किंवा वर असतात आणि फुल रेसला ३ ते ४ बार किंवा जास्त दाखवतात.

कुडाळच्या पोकलेनवर मला मिळालं ते असं: थंड स्लो ३.५, गरम स्लो ०.६, गरम रेस २.२ बार. म्हणजे सेन्सर खरंच बोलत होता, तीन महिने खरंच बोलत होता. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

या आकड्यांची एकमेकांशी जुळणी लावली की अर्धं निदान होतं. थंडात चांगलं आणि गरमात स्लोला पडतं, रेसला बऱ्यापैकी सावरतं, तर तेल पातळ झालंय किंवा बेअरिंग घासली आहेत. थंड-गरम, स्लो-रेस सगळीकडेच कमी आहे, तर रिलीफ वॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) उघडा अडकलाय किंवा पंप झिजलाय. स्लोला ठीक आणि रेस दिली की उलट पडतं किंवा काटा थरथरतो, तर सक्शनकडे बघा, पंपाला तेल पुरत नाही. सकाळी चालू केल्यावर चढायलाच उशीर लागतो आणि नंतर सगळं ठीक असतं, तर रात्रीत तेल मागे उतरतंय: फिल्टरमधला न-परत वॉल्व्ह खराब आहे किंवा सक्शन पाइप कुठेतरी हवा घेतोय. फक्त चढ-उतारावर पडत असेल तर पातळी आणि पिकअप पाइप, म्हणजे पंपाला तेल ओढून देणारा पाइप.

गेजवर प्रेशर ठीक असेल तर

मग दोष वायरिंगचा, आणि समुद्रकाठी तो फार होतो. वेंगुर्ला, मालवण, देवगडकडे बंधाऱ्याच्या किंवा जेट्टीच्या कामावर दोन-चार महिने राहिलेल्या मशीनचे कनेक्टर उघडून बघा. पिनांवर हिरवी बुरशी चढल्यासारखी दिसते, ते तांब्याचं गंजणं. खाऱ्या वाऱ्याला एवढीशी फटही पुरते. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या मशीनच्या वायरी उंदीर खातात, त्यांचाही शोध घ्या.

साधा एका वायरचा स्विच असेल तर तपासणी सोपी आहे. बहुतेक स्विच प्रेशर नसताना जोडलेले असतात आणि प्रेशर आलं की तुटतात. चावी चालू, इंजिन बंद असताना वायर काढली की दिवा विझायला हवा, वायर बॉडीला टेकवली की पेटायला हवा. वायर काढूनही पेटलेलाच असेल तर ती कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. या स्विचला आणि एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. गळती थांबते आणि अर्थिंगही तुटतं. मग काटा मनाला येईल ते दाखवतो.

तीन वायरींचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक इंजिनांवर असतो. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि बहुतेकांचा सिग्नल शून्य प्रेशरला अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. इंजिन बंद आणि चावी चालू असताना डिस्प्लेवर प्रेशर दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर, दुसरं काही शोधत बसू नका.

तेल: वास, तवा आणि वर्तमानपत्र

आता ऑपरेटरच्या त्या उत्तराकडे येतो. इंजिन थोडं तरी तेल खातं. सत्तर तास काम केल्यावर पातळी खाली यायला हवी, निदान तिथेच राहायला हवी. ती वर जात असेल तर चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) दुसरं काहीतरी येतंय. ते डिझेल असतं नाहीतर पाणी. त्यात ताजं तेल भरलं की दिवा जातो आणि ठरावीक तासांनी परत येतो, ही खूण तर मी डिझेलची जवळजवळ पक्की मानतो. बेअरिंग घासलं असेल तर नवं तेल भरून इतका फरक पडत नाही.

पट्टी काढून नाकाजवळ न्या. मग दोन बोटांत तेल चोळा, बोटं लांब करताना तार तुटते किती लवकर ते बघा, शेजारी नव्या तेलाचा थेंब ठेवून तुलना करा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकून अर्धा तास ठेवा. मध्ये काळा ठिपका राहतो आणि डिझेल असेल तर त्याच्या भोवती फिकट, तेलकट वर्तुळ लांबपर्यंत पसरतं. कुडाळला ते वर्तुळ छापलेल्या मजकुरापर्यंत गेलं होतं. चेंबर खाली करून मोजलं तर चोवीस लिटरच्या जागी जवळजवळ सव्वीस निघाले.

पाण्यासाठी तवा. खाणीवर चहासाठी स्टोव्ह असतोच. तवा चांगला तापवून त्यावर तेलाचा एकच थेंब सोडा. नुसतं तेल असेल तर पसरतं आणि धूर देतं. पाणी असेल तर तडतडतं, मोहरी टाकल्यासारखं. चेहरा लांब ठेवा. पाणी जास्त असेल तर पट्टीवर आणि झाकणाच्या आत दुधी साय दिसतेच, पण थोडं असताना ती दिसत नाही आणि तवा सांगतो.

डिझेल येतं कुठून? कॉमन रेल इंजिनवर हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टचं सील, किंवा हेड कव्हरखालच्या इंजेक्टरची ओ-रिंग आणि रिटर्न जोड. जुन्या इंजिनांवर इंजेक्टरकडे डिझेल ढकलणारा लाइन पंप असतो, आणि त्याच्या पोटातलं तेल इंजिनच्याच तेलाशी जोडलेलं असेल तर पंपाचे एलिमेंट किंवा बाजूचा, टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप तपासावा लागतो. कुडाळला आम्ही आधी तोच फीड पंप उघडला, कारण तो चार नटांत निघतो आणि स्वस्त आहे. पाइप जोडलेलेच ठेवून तो पंपावरून बाहेर ओढला, पाठ पुसून कोरडी केली आणि हँड प्रायमर मारला. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला मधल्या दांडीच्या कडेने डिझेलचा थेंब फुगला, घरंगळला, मागे दुसरा आला. तीन महिन्यांची तक्रार त्या दांडीच्या झिजेत होती. फीड पंप बदलला, तेल-फिल्टर बदललं. गरम स्लो १.३ आणि रेस ३.८ आलं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मधल्या काळात त्या मालकाला कोणीतरी सल्ला दिला होता की जाड तेल घाल, किंवा चेंबरमध्ये दोन लिटर गिअर ऑइल मिसळ, दिवा जाईल. दिवा जातोही. पण डिझेल येत राहतं, आणि सकाळी ते जाड तेल टर्बोपर्यंत पोचायला उशीर करतं. आजार तिथेच, वर ताप मोजायचं थर्मामीटर फोडलेलं. नशिबाने त्याने ऐकलं नाही.

कूलंट तेलात येत असेल तर ऑइल कूलर, हेड पॅकिंग, लायनरचे रबर रिंग ही तीन ठिकाणं. कूलरबाबत लक्षात ठेवायचं ते असं: इंजिन चालू असताना तेलाचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून कूलर फुटला की आधी तेल रेडिएटरमध्ये दिसतं. इंजिन बंद झाल्यावर तेलाचं प्रेशर शून्य होतं आणि गरम रेडिएटरचं अजून शिल्लक असतं, तेव्हा पाणी तेलात शिरतं. रेडिएटरचं झाकण उघडून वर तवंग आहे का ते म्हणूनच बघायचं, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.

सक्शन: राखाडी पेस्टची गोष्ट

महामार्गाच्या चौपदरीकरणावर राजापूरच्या बाजूला एक रोलर होता. इंजिन नुकतंच उतरवून बांधलेलं. स्लोवर २ बार, आणि रेस दिली की काटा वर जाण्याऐवजी खाली, एक, मग अर्धा, थरथरत. बांधणाऱ्याने पंप नवा टाकला होता, बेअरिंग नवी होती, म्हणून सगळे चक्रावले होते. मी चेंबर उतरवायला सांगितलं. पिकअपच्या जाळीवर राखाडी सिलिकॉन पेस्टचे शेवयांसारखे तुकडे चिकटून बसले होते, अर्धी जाळी बंद. चेंबरच्या पॅकिंगला हात सैल सोडून पेस्ट लावली की बोल्ट आवळताना ती बाहेर जितकी येते तितकीच आतही येते. आतली तुटून तेलात फिरते आणि जाळीवर जाऊन बसते. स्लोला पंपाला थोडं तेल लागतं म्हणून भागतं, रेसला भागत नाही.

चेंबर उतरलेलाच आहे तर पिकअप पाइपची ओ-रिंग बदला आणि पाइपला वेल्डिंगच्या जागी चीर आहे का ते बघा. तेलाच्या पातळीच्या वर केसाएवढी चीर असली तरी पंप तिथून हवा ओढतो आणि खालून कुठे गळतानाही दिसत नाही.

रिलीफ वॉल्व्ह

हा काढून बघायला सोपा असतो, तरी सगळ्यात शेवटी आठवतो. एक प्लंजर, एक स्प्रिंग. मध्ये कचऱ्याचा किंवा धातूचा कण अडकला की प्लंजर उघडा राहतो आणि तेल सरळ चेंबरमध्ये परततं. डिझेलमध्ये धुवा. प्लंजर स्वतःच्या वजनाने भोकातून अलगद खाली घसरला पाहिजे. अंगावर ओरखडे असतील तर बदला. स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी ताडून बघा. स्प्रिंगखाली एक-दोन वायसर घालून प्रेशर वाढवायची युक्ती काही ठिकाणी चालते. अशी मशीन माझ्याकडे आली की मी आधी ते वायसर काढतो आणि खरा आकडा मोजतो, कारण त्यांच्यामुळे झिजलेलं इंजिन निरोगी दिसतं.

फिल्टर कापून बघणं

फिल्टर चोंदला म्हणून प्रेशर पडलं, असं सगळे म्हणतात. खरं तर फिल्टर चोंदला की त्याचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल गॅलरीत जातं. गेजवर फारसा फरक दिसत नाही, बेअरिंगवर मात्र कण जातात. म्हणून मी फिल्टरकडे साक्षीदार म्हणून बघतो. प्रत्येक तक्रारीत तो कापून बघतो.

हॅक्सॉने कापू नका, पात्याचा भुगा आत पडतो आणि निदान बिघडतं. पाइप कटरसारखं फिरवायचं फिल्टर कटर मिळतं, ते वापरा. आतल्या कागदाच्या घड्या सोडवा, शेकंज्यात दाबून तेल पिळून काढा आणि उन्हात पसरा. कोकणातल्या एप्रिलच्या उन्हात काही लपत नाही. चुंबक फिरवा. चिकटतं ते लोखंड: क्रँक, लायनर, गिअर, रिंगा. चिकटत नाही आणि तांबूस दिसतं ते बेअरिंगच्या आतल्या थराचं किंवा बुशचं. म्हणजे वरचा मऊ थर आधीच गेलेला आहे, आता चेंबर उतरवून बिगएंड बघितल्याशिवाय मशीन चालवू नये. नखाने दाबून वाकणारी पांढुरकी चकाकी बेअरिंगच्या वरच्या थराची किंवा पिस्टनच्या ॲल्युमिनियमची असते.

तेलाचा नमुना लॅबला पाठवत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. धूळ आत जातेय का हे बघायला रिपोर्टमध्ये सिलिकॉनचा आकडा बघतात. पण जांभ्यात सिलिका धुऊन गेलेली असते, लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असतं. म्हणून चिरेखाणीवरच्या मशीनचा सिलिकॉन फारसा वाढलेला नसला तरी एअर क्लीनरची होज, तिचे क्लिप आणि क्लीनरचं आतलं रबर बघाच. लोह आणि ॲल्युमिनियम वाढलं म्हणून लगेच पिस्टन-लायनरवर ठपका ठेवू नका, होज काढून आत बोट फिरवा. बोट लाल आलं तर धूळ तिथूनच जातेय.

बेअरिंग

वरचं सगळं तपासून झालं, तेल बरोबर ग्रेडचं आहे, पातळ नाही, वॉल्व्ह साफ, जाळी साफ, तरी गरम स्लो कमीच, तर चेंबर उतरवून मेन आणि बिगएंडच्या कॅप सोडा. प्लास्टिगेजने (दाबून चपटी होणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या तारेने) फट मोजा. कॅप ज्या क्रमांकाच्या आहेत त्याच जागी, त्याच दिशेने परत जायला हव्यात, आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. एकच बेअरिंग खराब दिसलं म्हणून एकच बदलू नका. जे तेल तिथे गेलं तेच बाकीच्यांकडेही गेलंय.

उष्णता

मे महिन्यात खाणीवर दिवा पेटण्याचं एक कारण इतकं साधं असतं की कोणी बघत नाही. हायड्रॉलिक होज कुठेतरी पाझरत असते, तेलाचा ओलसर थर रेडिएटरच्या जाळीवर बसतो आणि त्यावर लाल धूळ. सुकल्यावर त्याची लिंपण होते. बाहेरून रेडिएटर धुतलेला दिसतो, पण मधल्या, ऑइल कूलर आणि रेडिएटरच्या फटीत माती घट्ट बसलेली असते. इंजिन तापतं, तेल आणखी तापतं, पातळ होतं आणि प्रेशर पडतं. कूलर पुढे सरकवून दोन्ही मोकळे करा, हवेच्या उलट दिशेने पाणी किंवा हवा मारा, आणि जोर इतका नको की पट्ट्या वाकतील.

पाऊस आणि पूर

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेल भरायच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल किंवा ब्रिदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाइप उघडा असेल तर उभ्या मशीनमध्ये पाणी जातं. जूनच्या आधी या दोन गोष्टी बघून घ्या.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा गाड्या आणि मशीन पाण्याखाली गेली. तशी मशीन चालू करून बघायचा मोह आवरावाच लागतो. पाणी तेलापेक्षा जड, ते चेंबरच्या तळाशी बसतं आणि पिकअपही तळाशीच असतो. म्हणजे पहिला घोट पाण्याचाच. आधी चेंबर पूर्ण खाली करा, फिल्टर काढा, इंजेक्टर काढून क्रँक हाताने फिरवा, सिलिंडरमधलं पाणी बाहेर येऊ द्या. मग ताजं तेल, थोडा वेळ स्लोवर, परत काढा, परत भरा. तव्यावर तडतड पूर्ण थांबेपर्यंत.

प्रेशर जास्त दाखवत असेल तर

थंड सकाळी थोडं जास्त असणारच. गरम झाल्यावरही जास्तच राहिलं तर रिलीफ वॉल्व्ह बंद अडकलाय, तेल गरजेपेक्षा जाड आहे किंवा सेन्सर चुकतोय. गेजवर खात्री करा. जास्त प्रेशरने फिल्टरचं रबर फाटून रस्त्यावर तेल सांडलेलं मी पाहिलंय.

दुरुस्तीनंतर चालू करताना

डिझेलचा पुरवठा बंद ठेवून दहा-पंधरा सेकंदांच्या टप्प्यांनी स्टार्टर मारा, मध्ये स्टार्टर थंड होऊ द्या, गेजवर काटा हलेपर्यंत. त्यानंतरच इंजिन चालू करा आणि पहिली पाच मिनिटं रेस देऊ नका. गेज तेव्हाच काढू नका. मशीन अर्धा दिवस कामाला लावून गरम आकडे परत घ्या.

कुडाळच्या पोकलेनच्या केबिनच्या दाराला आतून आम्ही पक्क्या मार्करने लिहून ठेवलं: थंड स्लो ४.०, गरम स्लो १.३, गरम रेस ३.८, आणि त्या दिवशीचे अवर मीटरचे तास. दर २५० तासांनी, तेल काढायच्या आधी, जुन्या तेलावरच गेज लावायचं ठरलं, कारण नवं तेल दोष झाकतं. ऑपरेटर आता रोज सकाळी मशीन सपाट चिऱ्यावर आणून पट्टी बघतो आणि तेल वाढलं का हेही लिहितो. पहिल्या २५० तासांनंतरची नोंद त्याच्याच अक्षरात आहे: गरम स्लो १.२, रेस ३.७, पट्टी मधल्या खुणेच्या थोडी खाली.